हिचे आकडे

ही बोलते तेव्हा आकडे बोलते. दुसरं काही तिला बोलताच येत नाही. आठ महिन्यांपूर्वी मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली, उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. लेकीचं नाव गेलं, 'अहो' गेलं, पाणी, दार, पुरे, नको, सगळं गेलं. आकडे तेवढे राहिले.

बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येतात, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की असं होतं. अंक, वारांची नावं, पाठ असलेली गाणी ही म्हणे वेगळ्या कप्प्यात असतात आणि कधीकधी बचावतात. हिचे वार आणि गाणी नाही बचावली. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र कारण लगेच सापडतं. "जन्मभर बँकेत नोटा मोजल्या ना, म्हणून!" बाईंना मी हे विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्याचा काही संबंध नाही हो काका. एखाद्या शिंप्याला झालं असतं तरी आकडेच राहिले असते."

शिंप्याचं नाव निघालं आणि मला अवेळी हसू आलं. बाईंना ते विचित्र वाटलं असणार. आता कुठे सगळं सांगत बसायचं, म्हणून मी त्यांना चहा विचारला.

त्याचं असं आहे की हिला बँकेत बढती मिळाली तेव्हा तिच्या काउंटरच्या काचेवर 'टेलर', म्हणजे रोखपाल, अशी पाटी लागली. हिचा धाकटा भाऊ त्या संध्याकाळी दोन मीटर कापड घेऊन घरी आला आणि म्हणाला, "ताई, एक शर्ट शिवून दे. माप घे, वाटल्यास दोनदा मोज." तेव्हापासून तो हिला शिंपीणबाई म्हणतो. तो शाळेत खेळाचा मास्तर होता आणि व्हॉलीबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून जायचा. शिट्टी गळ्यात नसली तरी आहे असं वाटावं, असं त्याचं बोलणं. आम्ही त्याला पंचच म्हणतो.

मी एका कोशाच्या कचेरीत काम करत होतो. इंग्रजी शब्दांसमोर मराठी शब्द ठेवायचे, एवढंच. नवीन काही घडवायचं नाही, आहे ते नीट लावायचं. माझ्या स्वभावाला ते बरं पडलं. त्या पाटीच्या निमित्तानं मी तो शब्द बघितला. एक अर्थ मोजणारा, दुसरा सांगणारा, गोष्ट सांगणारासुद्धा. आणि तिसरा, सभेत मतं मोजून निकाल जाहीर करणारा. जेवताना मी हे मोठ्या हौसेनं हिला सांगितलं. ही म्हणाली, "काउंटरवर सांगत बसलं की मोजणी चुकते. तुमच्या कोशाचंच काहीतरी चुकलंय."  

या आठ महिन्यांत मला पुन्हा त्या अर्थांपाशी जावं लागलं. आपल्याकडेही संख्या आणि आख्यान हे शब्द एकाच धातूचे. 'सांगणे' हासुद्धा मुळात मोजण्यावरूनच आला असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं, पण छातीठोकपणे सांगवत नाही. कोशात मी हे कधी लिहिलं नसतं. घरात मात्र रोज ऐकत होतो. ही मोजायची, आणि ते सांगणं असायचं.

बहुतेक वेळा ती एकपासून सुरू करते. रागात असली तर मधूनच कुठूनतरी उचलते. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर हे आकडे तिच्या तोंडून असे येतात की ऐकणाऱ्यानं कान पाडून खाली बघावं. सुरुवातीला मला वाटलं, यात काही संकेत असेल. पाच म्हणजे पाणी, नऊ म्हणजे खिडकी, असं. चार दिवस लक्ष ठेवलं. सोमवारी पाच म्हणजे पाणी होतं, मंगळवारी पाच म्हणजे पंखा कमी करा. बुधवारी पाच म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी पाणी दिलं, पंखा कमी केला, खिडकी लावली, तरी ती बघतच राहिली. मग तो नाद सोडला. अर्थ आकड्यात नाही, म्हणण्यात आहे, असं ठरवलं. कुठे थांबली, कुठे आवाज चढला, कुठे गिळला.

आणि हळूहळू मला कळायला लागलं. शेजारची आली की ही चार आकडे म्हणायची आणि मी सांगायचो, "ती विचारतेय, गुडघा कसा आहे." शेजारीण थक्क व्हायची. लेकीचा फोन आला की फोन हिच्या कानाला, मग माझ्या. "आई काय म्हणाली?" "म्हणाली, जेवायच्या वेळा पाळ." डॉक्टर, बाई, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी, सगळे हिच्याकडे बघून ऐकायचे आणि मग माझ्याकडे वळायचे. चाळीस वर्षं चारचौघांत तोंड न उघडणारा मी एकदम घरातला बोलका माणूस झालो. मैत्रिणींपैकी एक म्हणाली, "किती छान सांगता हो तुम्ही. तिच्याच तोंडचं वाटतं."

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. तिच्याच तोंडचं वाटतं म्हणजे नेमकं काय? मला कळतंय, की मी ठरवतोय? एकदा मी शेजारणीला म्हणालो, "ही म्हणतेय, तुम्ही या अधूनमधून, बरं वाटतं." शेजारीण गेल्यावर हिनं माझ्याकडे असं बघितलं की मला त्या नजरेचा अर्थ लागेना. कदाचित ती तसं म्हणालीच नव्हती. कदाचित म्हणाली होती आणि मी ते फार गोड करून सांगितलं होतं. विचारणार कसं? विचारलं तर उत्तर पुन्हा आकड्यांत येणार आणि ते मलाच लावावं लागणार.

अशात घराचा करार संपत आला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. घरमालक सज्जन आहेत. त्यांनी फोन करून विचारलं, पुढे ठेवायचं की सोडायचं, रविवारपर्यंत कळवा म्हणजे बरं, दुसरे लोक विचारताहेत. लेकीनं तर आम्हाला तिच्याकडे न्यायचं कधीचंच मनात घेतलं होतं. ती दुसऱ्या शहरात राहते, दातांच्या कवळ्या बनवण्याची तिची लहानशी कार्यशाळा आहे. तिच्या घराला लिफ्ट आहे, हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ आहे, तिथे बोलायला शिकवण्याचे रोज वर्ग असतात. इथल्या बाई आठवड्यातून एकदा येतात. आमचा जिना अंधारा आणि उभा आहे. ही आजारी पडल्यापासून मोजून चारदा खाली उतरली असेल, तीही पंच आणि मी दोन्हीकडून धरून.

लेकीचं सगळंच बरोबर होतं. मला जायचं नव्हतं. कारण विचाराल तर हसाल. माझी पुस्तकं, माझी खिडकीतली खुर्ची, कोपऱ्यावरचं वाचनालय जिथे कुणी माझ्याशी बोलत नाही. शिवाय दुसऱ्याच्या घरात, मग ती लेक का असेना, सकाळी न्हाणीघराबाहेर आपली पाळी कधी म्हणून उभं राहायचं, या कल्पनेनंच मी आक्रसून जातो. पण हे काय कारण आहे का? बायकोच्या वाचेपुढे खुर्ची? म्हणून मी लेकीला म्हणालो, "आई सांगेल तसं करू."

लेक म्हणाली, "हो, आई सांगेल तसं."

हे ऐकून पंच फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला. "भाऊजी, म्हणजे मत ताईचं, मोजणार तुम्ही, निकाल सांगणार तुम्ही, आणि निवडणुकीला उभेही तुम्हीच! अहो, आमच्या गल्लीतल्या मंडळातसुद्धा इतकं उघड चालत नाही."

"मग काय करू?" मी विचारलं.

"मी येतो रविवारी. पंच नको का कुणी?"

रविवारी सकाळी लेक आली, तिच्या पाठोपाठ तो आला. लेकीनं बाहेरच्या खोलीत तिची बॅग ठेवली, आईच्या पायाशी बसली आणि तिची बोटं चोळायला लागली. ही खूश होती. लेकीकडे बघून अकरा, बारा, तेरा म्हणाली. लेकीनं सवयीनं माझ्याकडे बघितलं.

"उन्हाची आलीस म्हणतेय," मी म्हणालो.

"उन्हाची?" पंच म्हणाला. "बाहेर ढग आहेत, भाऊजी."

मी ओशाळलो. खिडकीबाहेर खरंच ढग होते.

आधी आम्ही साधे उपाय केले. बाईंनी चित्रांची पानं देऊन ठेवली आहेत, पेला, पलंग, डॉक्टर, बस, घर. लेकीनं दोन कोऱ्या पानांवर खडूनं दोन घरं काढली. एका घरावर खिडकीतली खुर्ची, दुसऱ्यावर लिफ्ट. आईपुढे ठेवली. हिनं दोन्ही पानं निरखून पाहिली आणि लिफ्टच्या दारात लेकीनं काढलेल्या माणसाच्या नाकावर बोट ठेवलं. नाक जरा मोठं झालं होतं, हे खरं.

"आई, इथे राहायचं का?" लेकीनं विचारलं. हिनं मान डोलावली.

"माझ्याकडे यायचं का?" हिनं मान डोलावली, तितक्याच आनंदानं.

"बाई म्हणाल्याच होत्या," मी सांगितलं, "मानेवर जाऊ नका. हो आणि नाही हे तिचे अजून एकमेकांत अडकतात."

"बाद मत," पंच म्हणाला. "आता माझं ऐका. ताईला बोलू द्या. मोकळेपणानं, हवं तेवढं. तुम्ही दोघांनी ऐकायचं, एकमेकांकडे बघायचं नाही, काही बोलायचं नाही. ती काय म्हणाली ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं. जाते की राहते. चिठ्ठ्या माझ्याकडे. दोघांचं एक आलं तर निकाल पक्का. आम्ही रेषेवरच्या चेंडूला हेच करतो, या टोकाचा पंच, त्या टोकाचा पंच."

"आणि एक नाही आलं तर?" लेक म्हणाली.

"तर पॉइंट पुन्हा खेळायचा."

"मामा, आई चेंडू नाहीये."

"अगं, मला माहीत आहे ती काय आहे. तुझ्या आधीपासून ओळखतो तिला. माझ्या कानाखाली पहिली तिचीच बसलीय."

हिनं भावाकडे बघितलं आणि तोंडाची चांगली बाजू वर गेली.

मी हिच्यापुढे खुर्ची ओढली. विचारायचं काम लेकीनं केलं. तिनं शांतपणे सगळं मांडलं. घर, जिना, वर्ग, हॉस्पिटल, मालकांना आज कळवायचंय. मग म्हणाली, "आई, तुला काय हवंय ते सांग. आम्ही ऐकतोय."

ही बोलायला लागली. एकपासून. इतकं लांब ती आठ महिन्यांत बोलली नव्हती. नऊपर्यंत आवाज सरळ होता, हिशेब समजावून सांगावा तसा. मग ती थांबली, खिडकीकडे बघितलं, दहा आणि अकरा खाली आवाजात म्हणाली. पुढे चढत गेली. एकोणीस दोनदा म्हटलं. तेविसाला लेकीकडे वळली, चोविसाला माझ्याकडे. तिशीच्या पुढे तिची गती वाढली, आकडे एकमेकांवर आदळायला लागले, आणि त्रेचाळीस म्हणून तिनं डाव्या हातानं मांडी झटकली, पीठ लागल्यासारखी. मग मागे टेकून आमच्याकडे बघत राहिली, आता बोला, अशा थाटात.

मला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं. कुठे जायचं नाही मला. खिडकीकडे बघून ते खालच्या आवाजातलं दहा आणि अकरा, ते दुसरं काय असणार? हे माझं घर आहे, असंच ती म्हणाली होती.

हातात चिठ्ठी घेतली आणि माझा हात थांबला. इतकं स्पष्ट का ऐकू आलं? उन्हाची आलीस हेही मला असंच स्पष्ट ऐकू आलं होतं. कचेरीत आमच्या वरिष्ठांनी एक शिकवलं होतं. दोन अर्थांत अडलात आणि त्यातला एक तुम्हाला फार आवडायला लागला, तर दुसरा घ्या. आवडलेला अर्थ शब्दाचा नसतो, तुमचा असतो. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'जायचं आहे म्हणाली.' ते लिहायला जिवावर आलं, म्हणजे प्रामाणिकपणे लिहिलं असावं असं वाटलं.

लेकीनंही लिहायला वेळ लावला. पंच स्वतःही काहीतरी खरडत होता.

"तू कशाला लिहितोस?" मी विचारलं.

"पंचालाही डोळे असतात, भाऊजी."

त्यानं चिठ्ठ्या उघडल्या. माझी आधी. "जायचं आहे म्हणाली." लेकीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मग तिची. पंचानं वाचली, पुन्हा वाचली, उलटी करून पाठीमागे काही आहे का बघितलं. "इथेच राहायचं म्हणतेय आई."



"तू असं लिहिलंस?" मी लेकीला विचारलं.

"तुम्ही असं लिहिलंत?" तिनं मला विचारलं. तिचे डोळे भरले होते. "बाबा, तुम्हाला खरंच असं ऐकू आलं? येते म्हणाली?"

"तुला खरंच राहते असं ऐकू आलं?"

 ती नाक पुसत म्हणाली, "नाही. मला येते असंच ऐकू आलं. तेविसाला माझ्याकडे वळली ना, तेव्हा वाटलं, म्हणतेय की घेऊन चल मला. पण मला तेच हवंय. मी आठ महिने रोज फोन वाजला की दचकते, बाबा. मग मला वाटलं, मी माझंच ऐकतेय. म्हणून उलटं लिहिलं."

"मीही उलटं लिहिलं," मी म्हणालो.

पंचानं दोन्ही चिठ्ठ्या दोन हातांत धरल्या. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "थांबा. तुम्ही राहते ऐकलं आणि जाते लिहिलं. पोरीनं जाते ऐकलं आणि राहते लिहिलं. म्हणजे उलटं सुलटं केलं तर..." त्यानं हातांची अदलाबदल केली, परत केली. "तर पुन्हा तेच. च्यायला. माझ्या उभ्या जन्मात असा सामना नाही बघितला. दोन्ही संघ आपापल्याच बाजूला गोल... माझा खेळसुद्धा चुकला बघा!"

"मामा, तुम्ही काय लिहिलंत?" लेकीनं विचारलं.

त्यानं आपली चिठ्ठी खिशात घालायचा प्रयत्न केला. लेकीनं ती ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचली. "डोकं खाऊ नका माझं."

माझ्या मनात आलं, कदाचित हाच बरोबर असेल. त्याला काही नको होतं, म्हणून त्याला नीट ऐकू आलं असेल. किंवा तो आयुष्यभर बहिणीकडून हेच ऐकत आला, म्हणून आजही तेच ऐकू आलं असेल.

"बाबा," लेक म्हणाली, "आई काय म्हणाली ते राहू दे. तुम्हाला काय हवंय?"

मी हे सांगायला नको होतं असं अजूनही वाटतं. पण ती माझ्याकडेच बघत होती. मी म्हणालो, "मला इथेच राहायचंय. तुझ्या घराची भीती वाटते मला. राग मानू नकोस. घर चांगलं आहे."

"आणि हे तुम्ही आईच्या नावावर घालत होतात?"

"घालत नव्हतो. घालीन अशी भीती वाटत होती."

"आणि मी नाही घालत होते?" ती एकदम खाली बसली. "सगळं आईसाठी, आईसाठी म्हणून..."

"सहासष्ट," ही म्हणाली.

मधूनच उचललेला आकडा. आम्ही तिघंही तिच्याकडे वळलो. ही डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून उठली, मग त्याच हातात काठी घेतली. मी पुढे झालो तर काठीनंच मला बाजूला केलं. ती आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं, खण ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. लेक उठणार होती, पंचानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ही परत आली ती काखेत लोकरीचा कोट दाबून. तो तिनं लेकीच्या बॅगेवर टाकला. पुन्हा आत गेली आणि गोळ्यांचा डबा आणला. तिसऱ्या खेपेला कंगवा. मग टेबलावरची चित्रांची पानं. सगळं तिनं एका हातानं बॅगेत घातलं, कोट कोंबताना धाप लागली, तरी कुणाला हात लावू दिला नाही.

लेकीनं तोंडावर हात ठेवला. ती रडत होती की हसत होती, मला नाही सांगता येत.

ठरलं तर. मला आश्चर्य वाटलं की वाटायला हवं होतं तेवढं वाईट वाटत नव्हतं. निदान कुणीतरी ठरवलं होतं. मी खुर्चीवरचं अर्धवट वाचलेलं पुस्तक उचललं, चष्म्याचं घर उचललं आणि दोन्ही हिच्या कोटाशेजारी बॅगेत ठेवलं.

हिनं पुस्तक बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

मला वाटलं, जड होईल म्हणून. हिनं मग चष्म्याचं घरही काढलं. ते गुडघ्यात धरून एका हातानं उघडलं, आतला चष्मा काढला आणि माझ्या नाकावर बसवला. वाकडा बसला. तिनं तो सरळ केला नाही. माझ्याकडे बघत चौदा, पंधरा म्हणाली, अगदी हळू.

"काय म्हणाली?" लेकीनं विचारलं.

वाकड्या चष्म्यातून मी हिच्याकडे बघत होतो. तुम्ही राहा, तुम्हाला राहायचंय ना, असं म्हणाली असेल. मी आधी जाते, तुम्ही मागून या, असंही असेल. किंवा आठ महिने माझ्या तोंडचं बोललात, आता पुरे, मला माझं बोलायला शिकू द्या. तिन्ही अर्थ त्या चौदा-पंधरात बसत होते. कुठला मला आवडतोय हेसुद्धा समजेना, म्हणजे वगळायचा कुठला तेही समजेना.

"मला नाही कळलं," मी म्हणालो.

या आठ महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणालो असेन. लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि दुसरा प्रश्न विचारला नाही.  पंच उठून स्वयंपाकघरात गेला आणि चहाचं आधण ठेवलं.

लेक बॅगेची चेन लावायला बसली तेवढ्यात फोन वाजला. घरमालक होते. "मग, काय ठरलं म्हणायचं?"

मी लेकीकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली. "घर ठेवायचं आहे," मी म्हणालो. "सोडत नाही आम्ही."

"वा, छान झालं! मलाही नवे लोक शोधायचा कंटाळाच. मग मी कागद करून पाठवतो. फक्त एक सांगा, या वर्षापासून पाण्याचे पैसे माणशी लावणार आहेत, तर किती जण लिहू?"

"किती जण?"

"राहणार किती? दोनच ना, नेहमीप्रमाणे?"

मला हो म्हणता येईना. नाही म्हणण्याइतकंही मला काही ठाऊक नव्हतं. लेकीकडे बघितलं, तिनं खांदे उडवले आणि डोळ्यांनी आईकडे खूण केली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा प्रश्न तिला विचारता येण्याजोगा आहे. इतक्या दिवसांत कुणी तिला असं काही विचारलंच नव्हतं, ज्याचं उत्तर आकड्यातच द्यायचं असतं.

मी फोन छातीशी धरून तिच्यापुढे गेलो. "घरमालक विचारताहेत," मी म्हणालो. "या घरात वर्षभर किती माणसं लिहायची? तू सांग. तू म्हणशील तेच मी सांगतो. माझं काही घालत नाही."

हिनं माझ्याकडे पाहिलं. मग खोलीकडे, पुस्तकांकडे, बॅगेकडे. तिच्या कपाळावर आठी पडली, मोजणी करताना पूर्वी पडायची तशी. ओठ हलले.

"एक," ती म्हणाली.

आणि तोंड उघडंच ठेवून श्वास घेतला. ती नेहमी एकपासूनच सुरू करते. हे उत्तर होतं की सुरुवात?

"हॅलो?" छातीशी धरलेल्या फोनमधून घरमालकांचा आवाज आला. "ऐकू येतंय ना? किती लिहू?"

"थांबा," मी म्हणालो. "अजून संपलं नाही तिचं."